डेमो संपला, आता हिशेब: द्राक्षबागेतल्या यंत्रांचा एकरी खर्च

पिंपळगाव, ओझर, दिंडोरी, वणी या पट्ट्यात मे-जून हा कोटेशनचा हंगाम. खरड छाटणी उरकलेली असते, ऑक्टोबर छाटणीला अवकाश असतो आणि मालाचे पैसे हातात आलेले असतात. निदान ज्या व्यापाऱ्याने गाशा गुंडाळला नाही त्याच्याकडचे तरी. ही वेळ साधून कंपन्यांचे प्रतिनिधी बांधावर येतात. एकाच्या हातात टॅब, दुसऱ्याच्या गाडीत ड्रोन. सेन्सर, हवामान केंद्र, ऑटोमेशन आणि आता प्रत्येक पत्रकावर 'एआय'. डेमो झकास होतो. मग कोटेशन येतं आणि त्याच्या तळाशी एकच आकडा ठळक छापलेला असतो.

त्या एका आकड्यावर निर्णय घेऊ नका. वस्तू बागेत किती वर्षं टिकेल, दरवर्षी तिच्यावर काय घालावं लागेल आणि ती किती एकरांना पुरेल, हे तीन आकडे शेजारी मांडा. किंमत भागिले वर्षं, त्यात वर्षाची वर्गणी आणि दुरुस्ती मिळवायची आणि एकूण रकमेला एकरांनी भागायचं. वर्षं किती धरायची यावर वाद होईल. विक्रेता दहा म्हणेल, इलेक्ट्रॉनिक वस्तूला तुम्ही पाच धरा. बागेत तिला ऊन, औषधाचे तुषार, विजा आणि वायरी कुरतडणारे उंदीर असा सगळा गोतावळा सांभाळायचा असतो.

या लेखातले दर नाशिक भागातल्या दोन ते दहा एकरांच्या बागायतदारापुढे येणाऱ्या कोटेशनांचे ढोबळ पट्टे आहेत. तुमच्या हातातला आकडा त्यांच्या जागी घालून हिशेब पुन्हा करा. कोटेशनवरची जीएसटीची ओळ मात्र आधी वाचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टर, ठिबक संच आणि बहुतेक शेती अवजारांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, ड्रोनवरही सरसकट ५ टक्के झाला. जुन्या दराने केलेलं कोटेशन कुणी पुढे सरकवलं तर नवं मागा.

मजूर कुठे लागतो, यंत्र कुठे चालतं

विक्रीचं पहिलं वाक्य ठरलेलं: "दादा, मजूर मिळत नाही ना? मग हे घ्या." अशा वेळी घरची वही उघडा आणि गेल्या वर्षी मजुरी कशावर गेली ते बघा. छाटणी, पेस्टिंग, फेलफुटी काढणं, डिपिंग, थिनिंग, काढणी, पॅकिंग. पेठ-सुरगाण्याकडून येणाऱ्या टोळ्या या कामांसाठी येतात आणि मजुरीचा मोठा हिस्सा इथेच जातो. पाणी सोडायला आणि फवारायला बहुतेक बागांत घरचा माणूस नाहीतर एखादा सालदार असतो. बाजारातली यंत्रं बघितली तर दहांतली आठ पाण्याची, हवामानाची आणि फवारणीची निघतात. त्यांनी औषध वाचेल, पाणी वाचेल, रात्रीची झोप वाचेल. थिनिंगच्या टोळीचं बिल वाचणार नाही.

युरोपात वाइनची द्राक्षं यंत्राने वेल हलवून काढतात, कारण मणी फुटला तरी शेवटी त्याचा रसच करायचा असतो. खायच्या द्राक्षाचं तसं नाही. मण्यावरचा पांढरट थर न पुसता देठ धरून घड कापावा लागतो. घडातले नेमके मणी काढणारा यंत्रमानव तुमच्या-आमच्या गावात भाड्याने मिळत नाही, तेव्हा त्या भरवशावर टोळीच्या मुकादमाशी भांडू नका.

हाताच्या कामाला थेट उपयोगी पडणारी स्वस्त वस्तू म्हणजे बॅटरीवरची छाटणी कात्री. साधी ८ ते १५ हजारांत येते, नावाजलेल्या कंपनीची ५० हजारांच्या वर जाते. जाड काडी कापताना मनगट वाचतं आणि काम उरकतं. फक्त एक गोम आहे. टोळी उक्ती असेल आणि कात्री तुमची, तर काम लवकर संपल्याचा फायदा टोळीला होतो, तुमचा एकरी दर होता तिथेच राहतो. म्हणून कात्री देण्याआधी दर बोलून घ्या. दुसरी बॅटरी आणि पात्याची किंमतही त्याच वेळी विचारा. ही कात्री काडी कापते त्याच सहजतेने बोटही कापते, तेव्हा मोकळ्या हाताला जाड हातमोजा हवाच.

पाणी: आधी बाटली, मग व्हॉल्व्ह

ठिबकचं ऑटोमेशन विकायला कुणी आलं तर त्याला बसवा, चहा द्या आणि एक लिटरची बाटली घेऊन बागेत जा. ताशी चार लिटरचा ड्रिपर असेल तर १५ मिनिटांत बाटली भरायला हवी. व्हॉल्व्हजवळच्या पहिल्या ओळीतला एक ड्रिपर, मधला एक आणि शेवटच्या ओळीच्या टोकाचा एक, असे तीन मोजा. टोकाच्या बाटलीत दहा टक्क्यांहून जास्त तूट आली तर दोष फिल्टरमध्ये, दाबात किंवा क्षार बसलेल्या नळ्यांत आहे. त्यावर उपाय अ‍ॅसिड ट्रीटमेंट, फिल्टरची साफसफाई आणि फ्लशिंग. खर्च हजार-दोन हजारांचा. हे न करता वर कंट्रोलर बसवला तर असमान पाणी अगदी वेळेवर मिळेल, इतकंच.

यानंतरची पायरी मोबाईल स्टार्टर. शेतीची वीज पाळीने येते आणि आठवड्यातून काही दिवस ती पाळी रात्रीची असते. निफाड-दिंडोरीकडे रात्री विहिरीवर जायचं म्हणजे बॅटरी, काठी आणि बिबट्याची धास्ती. पुण्यात तयार झालेल्या 'नॅनो गणेश'ने मोबाईलवरून मोटार चालू-बंद करण्याची वाट पंधरा वर्षांपूर्वीच दाखवली होती. आज अनेक कंपन्यांचे स्टार्टर ३ ते ८ हजारांत मिळतात. घेताना तीन गोष्टी बघा: विहिरीत पाणी संपलं तर मोटार बंद करणारं ड्राय रन संरक्षण, एखादा फेज गेला तर तोडणारं संरक्षण, आणि वीज आल्यावर मोटार काही मिनिटं थांबवून सुरू करण्याची सोय. तिसरी गोष्ट रोहित्रासाठी. साध्या ऑटो स्विचमुळे वीज येताच साऱ्या शिवारातल्या मोटारी एकदम उचलतात आणि रोहित्र जळतं. ऑटो स्विच काढा म्हणून महावितरण वर्षानुवर्षं सांगतं ते यासाठी. जळलेलं रोहित्र बदलून येईपर्यंत ऐन फुगवणीत बाग सुकली तर तो खर्च कुठल्याच कोटेशनमध्ये दिसत नाही. स्टार्टरच्या सिमचं रिचार्ज मात्र लक्षात ठेवा. पाच हजारांचा स्टार्टर रिचार्ज संपल्यामुळे महिनाभर शोभेला टांगलेला, असं दृश्य गावोगाव आहे.

विक्रेत्याच्या हिशेबात "विजेची बचत" अशी एक ओळ हमखास असते. तिच्यावर सरळ रेघ मारा. राज्यात एप्रिल २०२४ पासून मार्च २०२९ पर्यंत साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना बळीराजा मोफत वीज योजना लागू आहे. ज्या बिलाचे पैसे तुम्ही भरतच नाही, ते वाचणार कसं? पाणी वाचतं, तास वाचतात, आणि मार्च-एप्रिलमध्ये विहीर तळाला गेली की त्यांचं मोल कळतं. पण रुपयांत मांडायचं तर टँकरच्या खेपांचा हिशेब लावा.

खरं ऑटोमेशन, म्हणजे प्रत्येक सेक्शनला विजेवर चालणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह आणि एक कंट्रोलर, चार सेक्शनच्या बागेला ८० हजार ते दीड लाखांत बसतं. खताच्या टाक्या, डोसिंग पंप, ईसी-पीएच मोजून आपोआप खत देणारं युनिट घेतलं तर खर्च दोन लाखांच्या पुढे सुरू होतो. चार एकर सलग असतील आणि घरचा माणूस रोज बागेत असेल, तर चार व्हॉल्व्ह हाताने फिरवायला दहा मिनिटं लागतात. दहा मिनिटांसाठी लाख रुपये कशाला? खताला दोन-तीन हजारांची व्हेंचुरी पुरते. दहा-बारा एकर, तीन ठिकाणी विखुरलेले प्लॉट, वेगवेगळ्या छाटणीच्या तारखा आणि मालक नाशिकला नोकरीला, असं असेल तर कोटेशन जरूर मागवा.

मातीतला ओलावा मोजायला लाखाची गरज नाही. टेन्शिओमीटर नावाची पाणी भरलेली नळी, खाली मातीचं सच्छिद्र टोक आणि वर घड्याळ, एवढीच वस्तू. जोडी ६ ते १२ हजारांत येते. एक फुटावर एक आणि दोन फुटांवर दुसरी बसवायची. वरची कोरडं दाखवते आणि खालची ओलं, तर आज पाणी नको. खरड छाटणीनंतर चाळीस ते साठ दिवसांत काडीत घडनिर्मिती होते. तेव्हा पाण्याला हात आखडता घ्यायचा असतो आणि अंदाज चुकतो तो इथेच. नळी तिथे खरी उपयोगी पडते. माती फारच कोरडी झाली तर नळीतलं पाणी ओढलं जातं आणि ती पुन्हा भरावी लागते. महागडे इलेक्ट्रॉनिक सेन्सर हा त्रास देत नाहीत, पण काळ्या भारी जमिनीत दुसरा देतात. जमीन भेगाळली की सेन्सर आणि माती यांच्यात फट पडते आणि मोबाईलवर दुष्काळ दिसू लागतो. भारी जमीन असेल तर विक्रेत्याला विचारा की उन्हाळ्यात सेन्सर पुन्हा बसवायला कोण येणार आणि त्याचे पैसे किती.

हवामान केंद्र: किती फवारण्या वाचल्या तर पैसे फिटतात

बागेत खांबावर उभं राहणारं छोटं हवामान केंद्र तापमान, आर्द्रता, पाऊस, वारा मोजतं आणि त्याच्या किमतीचं खरं समर्थन करणारी एकच गोष्ट मोजतं: पान किती तास ओलं राहिलं. डाऊनीच्या बुरशीला पानावर पाणी लागतं. वीस ते पंचवीस अंशांच्या हवेत पान दोन-तीन तास ओलं राहिलं तरी लागण होऊ शकते आणि डाग दिसायला पुढे चार-पाच दिवस ते आठवडा जातो. डाग दिसल्यावर धावणं म्हणजे उशीर. भुरीचं उलट आहे. तिला ओलं पान नको, दमट ढगाळ हवा पुरते. त्यामुळे "आमचं यंत्र सगळे रोग सांगतं" असं कुणी म्हणालं, तर भुरीसाठी ते नेमकं काय मोजतं ते विचारा आणि उत्तर कसं येतं ते बघा.

आता पैसे. केंद्राची किंमत साधारण ३० ते ८० हजार, वर्षाची वर्गणी ५ ते १० हजार. मधला एक हिशेब मांडू. किंमत ५० हजार, पाच वर्षं धरली तर वर्षाला १० हजार. वर्गणी ८ हजार. बॅटरी, सेन्सर पुसणं, एखादी दुरुस्ती मिळून २ हजार. वर्षाला झाले २० हजार. बाग दोन एकर असेल तर एकरी १० हजार, आठ एकर असेल तर एकरी अडीच हजार. एक फवारणी औषध, डिझेल, माणूस धरून एकरी दोन हजारांना पडते असं धरा. साधं गंधक मारलं तर कमी, आंतरप्रवाही बुरशीनाशक मारलं तर जास्त. म्हणजे आठ एकरवाल्याने दर एकरी जेमतेम सव्वा फवारणी वाचवली की पैसे फिटले. दोन एकरवाल्याला पाच वाचवाव्या लागतात. ऑक्टोबर छाटणीपासून काढणीपर्यंत दोन-अडीच डझन फवारण्या होणाऱ्या बागेत पाच वाचवणं अशक्य नाही, पण त्यासाठी एक अट आहे. मोबाईलवर 'धोका नाही' दिसत असताना आणि शेजाऱ्याचा ब्लोअर घुमत असताना तुम्हाला घरी बसता आलं पाहिजे. ते ज्याला जमत नाही त्याने केंद्र घेऊ नये. मी पाहिलेल्या बऱ्याच बागांत केंद्रही आहे आणि फवारण्याही पूर्वीइतक्याच आहेत. केंद्र फक्त जास्तीची फवारणी सुचवण्यासाठी उरलं आहे.

दोन-तीन एकरवाल्यांनी मिळून एक केंद्र घेणं हा शहाणपणाचा सौदा. सलग शिवारात, सारख्या उंचीवर, दोन बागांमध्ये ओढा किंवा मोठा बांध नसेल तर एकाचं पान ओलं तेव्हा दुसऱ्याचंही ओलंच असतं. पण कंपनी वर्गणी केंद्रामागे घेते की प्लॉटमागे, हे आधी लेखी घ्या. छाटणीची तारीख वेगळी तर प्लॉटचा सल्ला वेगळा, आणि प्लॉटमागे वर्गणी असेल तर भागीदारीतली बचत तिथेच संपते.

काही न घेताही बरंच मिळतं. पुण्याजवळ मांजरीला असलेलं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र हवामानावर आधारित सल्ला देतं, हवामान खात्याचं 'मेघदूत' अ‍ॅप आहे, राज्याच्या 'महावेध' प्रकल्पाची केंद्रं महसूल मंडळांत उभी आहेत. मंडळातला पाऊस आणि तुमच्या बागेतला पाऊस यांत फरक पडतो हे खरं. पण एक हंगाम या फुकटच्या सल्ल्यावर चालून, शंभर-दीडशे रुपयांचं पर्जन्यमापक बांधावर लावून आणि वहीत नोंदी ठेवून बघा. एवढी शिस्त जमली तर पन्नास हजारांच्या केंद्राचं सोनं कराल.

फवारणी: सगळ्यात जास्त पैसा इथे सांडतो

ट्रॅक्टरच्या ब्लोअरला दीड ते चार लाख पडतात, टाकी आणि पंख्यानुसार. तुषारांना विजेचा भार देऊन पानाला चिकटवणारा इलेक्ट्रोस्टॅटिक फवारा त्याहून बराच महाग. घ्यावा की भाड्याने आणावा? अडीच लाखांचा ब्लोअर आठ वर्षं धरला तर वर्षाला सव्वाएकतीस हजार, नोझल-डायफ्राम-बेल्टचे दहा हजार, म्हणजे वर्षाला सुमारे ४१ हजार. शिवाय डिझेल आणि चालक मिळून एका फवारणीला एकरी दोनशे. भाड्याचा ब्लोअर एकरी पाचशेला मिळतो असं धरा आणि वर्षाच्या दोन्ही छाटण्या मिळून ३० फवारण्या धरा. भाडं एकरी १५ हजार, स्वतःचा चालवायचा खर्च एकरी ६ हजार, फरक ९ हजार. ४१ हजारांना ९ हजारांनी भागलं की साडेचार एकर येतात. त्याखाली भाडं स्वस्त, त्यावर स्वतःचा. ट्रॅक्टर घरी आहे हे गृहीत धरून. तरीही तीन एकरवाला स्वतःचा घेतो आणि त्याचं कारण हिशेबात न दिसणारं आहे. फुलोऱ्यात रात्रभर पाऊस पडून सकाळी सात वाजता उघडीप मिळते तेव्हा भाड्याचा ब्लोअर एक असतो आणि बोलावणारे वीस. त्या दिवशीचा नंबर दुपारी लागला तर तोवर डाऊनीची लागण होऊन गेलेली असते. भाड्याने घेणार असाल तर हंगामाचा करार करा आणि पावसानंतर किती तासांत येणार ते ठरवा. त्यासाठी एकरी पन्नास रुपये जास्त गेले तरी ते वसूल होतात.

नवा ब्लोअर घेण्याआधी जुन्याची मोजणी करा. यासारखी फायद्याची सकाळ हंगामात दुसरी नाही. टाकी साध्या पाण्याने काठोकाठ भरा. ओळीत १०० मीटर मोजून दोन्ही टोकांना खूण करा. नेहमीच्या गिअरमध्ये, नेहमीच्या रेसवर, दोन्ही बाजूंचे नोझल उघडे ठेवून ते अंतर फवारत जा. परत येऊन मोजपात्राने टाकी पुन्हा काठोकाठ भरा. समजा १७ लिटर लागले. नऊ फुटांच्या ओळी असतील तर एका एकरात ट्रॅक्टर सुमारे १,४७५ मीटर चालतो, म्हणजे एकरी २५० लिटर. बहुतेक शेतकऱ्यांना आपण एकरी किती पाणी मारतो हे टाक्यांच्या हिशेबात माहीत असतं, लिटरमध्ये नाही. आता दुसरा भाग. पाण्याचा थेंब पडला की पिवळ्याचा निळा होणारा कागद मिळतो. त्याचे तुकडे टाचणीने तीन जागी लावा: बाहेरच्या पानावर, आतल्या पानाच्या खालच्या बाजूला आणि घडाच्या मागे. एक फेरी मारून कागद काढा. बाहेरचा कागद सगळा निळा होऊन ओघळलेला आणि घडामागचा जवळजवळ कोरा, असं चित्र दिसलं तर पाणी वाढवून काही होणार नाही. वरच्या नोझलचं तोंड वळवा, झिजलेल्या चकत्या बदला, गिअर एक खाली घ्या, गरज असेल तर आतली दाट पानं काढा. एका नोझलखाली मिनिटभर मग धरला आणि शेजारच्यापेक्षा बरंच जास्त पाणी आलं, तर चकती झिजली. चकत्यांचा अख्खा संच दोन फवारण्यांच्या औषधाहून स्वस्त पडतो.

पाणी कमी केलं तर औषधाचं प्रमाण मनाने कमी-जास्त करू नका. लेबलवरची मात्रा हेक्टरी आहे की लिटरला, ते वाचा. निर्यातीचा प्लॉट असेल तर द्राक्ष केंद्राच्या अ‍ॅनेक्श्चर ५ मधली औषधं आणि काढणीपूर्व कालावधी यांच्याबाहेर पाऊल नको. २०१० साली सीसीसीच्या अंशांवरून युरोपात आपल्या द्राक्षांचे कंटेनर अडकले, तेव्हा एका रसायनाने सगळ्या पट्ट्याचा हंगाम धुऊन नेला. म्हणून फवारणीची वही लिहा, मोबाईलवर लिहा, पण लिहा.

ड्रोन: द्राक्षाला थांबा

ऊस, सोयाबीन, तूर यांच्यावर ड्रोन शोभतो. एकरी ४०० ते ६०० रुपयांत, चिखलात न उतरता, दहा मिनिटांत काम होतं. मंडपावर किंवा वाय ट्रेलिसवर चढवलेल्या द्राक्षाला मात्र औषध पानाखाली आणि घडावर लागतं, आणि ड्रोनचे थेंब वरून येऊन पानांच्या छपरावर बसतात. एकरी दहा लिटर पाण्यात घडापर्यंत काय पोचणार, ते निळ्या कागदाने पाहून घ्या आणि मगच मत बनवा. वाऱ्याने उडालेलं औषध शेजारच्या निर्यात प्लॉटवर गेलं तर नमुना त्याचा नापास होतो आणि भांडण तुमचं लागतं.

धंदा म्हणून ड्रोन घ्यायचा असेल तर यंत्र, जादा बॅटऱ्या, चार्जर, जनरेटर आणि प्रशिक्षण मिळून ६ ते १० लाख धरा. डीजीसीएची मान्यता असलेल्या संस्थेतून रिमोट पायलट प्रमाणपत्र हवं. महिला बचत गटांना नमो ड्रोन दीदी योजनेत ८० टक्के, कमाल ८ लाखांपर्यंत मदत आहे. तो धंदा उसाच्या आणि सोयाबीनच्या एकरांवर चालवा.

अनुदान आणि कागद

ठिबकला केंद्राच्या 'प्रति थेंब अधिक पीक' योजनेत अल्प-अत्यल्प भूधारकांना ५५ आणि इतरांना ४५ टक्के मिळतात. त्यावर राज्याची मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजना भर घालून ते ८० आणि ७५ टक्क्यांवर नेते, पाच हेक्टरच्या मर्यादेत. हे टक्के शासनाने ठरवलेल्या मापदंड खर्चावर असतात, तुमच्या बिलावर नाही, आणि इथेच गल्लत होते. बिल मापदंडापेक्षा मोठं असेल तर वरचा सगळा भार तुमचा. अर्ज महाडीबीटीवर करायचा, शेतकरी ओळख क्रमांक लागतो आणि पूर्वसंमती मिळण्याआधी खरेदी केली तर अनुदान हातचं जातं. पैसे आधी तुम्ही घालायचे, अनुदान नंतर खात्यात. म्हणून "तुम्हाला फक्त वीस टक्के भरायचे" असं म्हणणाऱ्याला विचारा की उरलेले ऐंशी टक्के तोवर कोण उभे करणार आणि त्यांचं व्याज कोण भरणार.

सेन्सरला किंवा हवामान केंद्राला अनुदान आहे असं कुणी म्हणालं तर योजनेचं नाव आणि महाडीबीटीवरची ती ओळ स्क्रीनवर दाखवायला सांगा. बागेवरच्या प्लास्टिक आच्छादनाच्या प्रायोगिक योजनेत एकरी सुमारे ४ लाख ८१ हजारांचा खर्च मापदंड धरून निम्मं अनुदान ठरलं होतं. पाऊस आणि गारपिटीपासून वाचवणारी ही वस्तू सेन्सरच्या कितीतरी पट महाग आहे, पण अवकाळीच्या वर्षी तिची तुलना सेन्सरशी करायचीच नसते.

ऑर्डर देताना करारात पाच-सहा ओळी हाताने लिहून घ्यायला संकोचू नका. दुसऱ्या वर्षापासून वर्गणी किती आणि ती वाढणार असेल तर किती. वर्गणी बंद केली तर यंत्र निदान साधं वाचन दाखवेल की मुकं होईल. नोंदी तुमच्या आहेत आणि मागाल तेव्हा मिळतील. तालुक्यात सर्व्हिसचा माणूस कोण आणि तक्रारीनंतर किती तासांत येणार. ऑक्टोबर ते जानेवारीत ही मुदत दोन दिवसांहून जास्त कबूल करू नका. आणि वीस टक्के रक्कम छाटणीनंतर महिनाभर यंत्र चालल्यावरच द्यायची. चांगला विक्रेता याला नाही म्हणत नाही.

बिल पक्कं घ्या, यंत्राचा नंबर बिलावर हवा, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर दिलेली आश्वासनं जपून ठेवा. माल खराब निघाला आणि कंपनी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. पोटापाण्यासाठी शेती करणारा शेतकरी ग्राहक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली राष्ट्रीय बियाणे महामंडळाच्या प्रकरणात मान्य केलं आहे, त्यामुळे "शेती म्हणजे व्यवसाय, ग्राहक न्यायालयात जाता येत नाही" ही धमकी मनावर घेऊ नका. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क नाही, आणि व्यवहार झाल्यावर वस्तूत दोष दिसला त्या दिवसापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल करायची असते.